आदल्या दिवशीचा विमा

अगो, इकडे ये. कागदावर का होईना, पण जवळ येऊन बस आणि आधी माझी बोलणी खा. तुझ्या साखरपुड्यात सासरच्या माणसांना तू काय सांगितलंस? ‘ही माझी आत्या, मुरबाडला कंपनीत टाइपिंग करायची.’ मग तुझ्या सासूबाईंनी जेवताना मला विचारलं, ‘अजून येतं का हो टाइपिंग?’ मी म्हटलं, कधी आलंच नाही, तर अजून कुठलं येणार! त्या बिचाऱ्या मला नुसत्या पुऱ्याच वाढत सुटल्या. इतकी वर्षं मी किन्हवलीहून सकाळची एसटी पकडून सरळगाववरून मुरबाडला जात होते. सुट्टीत तू माझ्याकडे राहायला यायचीस, संध्याकाळी माझ्या डब्यात उरलेली भाकरीसुद्धा तूच खायचीस. पण आत्या तिथे जाऊन करते काय, हे एकदाही विचारलं नाहीस. आता मी सांगते आणि तू ऐक.

मी कागद तपासायची. कसले कागद, तर परदेशी जाणाऱ्या मालाचे.

आमचा कारखाना एमआयडीसीत अगदी शेवटच्या रांगेत. कुदळी, फावडी, टिकाव बनायचे. मालक मूळचे मुरबाडजवळच्या गावातलेच, साध्या भट्टीपासून सुरुवात केलेले. मी लागले ती पॅकिंगला. पाती तेलाच्या फडक्याने पुसायची, बारदानात बांधायची, वर छाप मारायचा. माल आफ्रिकेत जायचा, पण आमच्या नावाने नाही. मुंबईचा एक व्यापारी तो आमच्याकडून घ्यायचा आणि स्वतःच्या नावाने पाठवायचा. कागद तोच करायचा आणि त्यातली मलईही तोच खायचा.

मग मालकांच्या मुलाचं लग्न झालं आणि सून आली. शिकलेली, बोलायला मऊ, पण मनात घेतलं की सोडायची नाही. वर्षभरात तिने धरलं, की माल आपण आपल्या नावाने पाठवायचा, कागद इथेच करायचे. मालक म्हणाले, ‘कागदात बसून कुदळ घडत नाय गो.’ ती म्हणाली, ‘पण कागदाशिवाय बंदर सोडत नाही, बाबा.’ शेवटी पॅकिंगच्या शेडला लागून एक खोली तिला मिळाली. टेबल, कॉम्प्युटर, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर मी. का, तर कुठल्या गठ्ठ्यावर कुठला छाप मारलाय हे मला तोंडपाठ होतं. मी तिला म्हटलं, ‘वैनी, मी दहावी नापास, आणि तीसुद्धा इंग्रजीत.’ ती म्हणाली, ‘मावशी, इथे इंग्रजी समजायची गरज नाही. बघता आलं पाहिजे.’

आता एलसी म्हणजे काय ते ऐक, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिकडचा घेणारा आपल्याला ओळखत नाही आणि आपण त्याला ओळखत नाही. तो म्हणतो माल आला की पैसे देतो, आपण म्हणतो पैसे आले की माल सोडतो. असे दोघं आपापल्या ओट्यावर बसून राहिले तर व्यापार व्हायचा कधी? म्हणून मध्ये बँक येते. त्याची बँक लिहून देते, की अमुक अमुक कागद, असे असे, बिनचूक आणून द्या, पैसे आम्ही देतो. त्या लिहून दिलेल्याला एलसी म्हणायचं. गंमत अशी, की बँक कुदळ बघतच नाही. कुदळ पोलादाची आहे की पत्र्याची, तिला काही घेणं नाही. ती बघते इन्व्हॉइस म्हणजे मालाचं बिल, विम्याचं सर्टिफिकेट आणि जहाजवाल्याची पावती, जिला बीएल म्हणतात. हे सगळे कागद एलसीशी जुळले पाहिजेत आणि आपापसातही एकमेकांशी भांडता कामा नयेत. एक जरी वेगळं बोलला, तर बँक म्हणते, आमची हमी संपली, आता घेणाऱ्याला विचारा. आणि घेणारा मग काय, भाव पाडायलाच बसलेला.

आमची तपासायची रीत आमचीच होती. तू लहानपणी माझ्याकडून गोष्ट ऐकताना हुंकार द्यायचीस ना? तू ‘हूं’ म्हटलं नाहीस तर मी पुढे जायची नाही. तसंच. मी एलसी वाचायची, एकेक शब्द, अडखळले तर एकेक अक्षर. वैनी समोरच्या कागदावर बोट ठेवून म्हणायची, ‘हां.’ घेणाऱ्याचं नाव, हां. पत्ता, हां. मालाचं वर्णन, हां. ‘हां’ आला नाही की मी थांबायची. बाहेर शेडमधल्या बाया हसायच्या, ‘आज कोनची पोथी लावली गो दोघींनी?’

मालकांना हे सगळं खेळ वाटायचं. त्यांची जुनी सवय, प्रत्येक खेपेत गिऱ्हाइकाला वर चार नग घालायचे, खुशीचे. भाजीवाली कोथिंबिरीची काडी वर टाकते तसे. आपल्या नावाची पहिली खेप भरली तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने एक गठ्ठा वर टाकला आणि वैनीला म्हणाले, ‘इन्व्हॉइसवर लिही, भेट म्हणून.’ तिने सांगितलं, एलसीत जे नाही ते इन्व्हॉइसवर लिहिता येत नाही, फुकट असलं तरी नाही. आणि न लिहिता पाठवलं तर कस्टमवाले धरतील. कंटेनरला सील लागायच्या आधी तो गठ्ठा खाली उतरवला. मालक लालबुंद झाले. सगळ्या शेडसमोर म्हणाले, ‘माझ्या हातचा वरचा नग काढलास. ठीक आहे. ही एक खेप तुझी. कागद फिरून आले, तर माल परत व्यापाऱ्याकडे, नि तू घरात.’

ते बोलले आणि निघून गेले. वैनीने फक्त मान हलवली. पण सीलचा नंबर वहीत उतरवताना तिने तो दोनदा खोडला. तिचं माहेर लांब, नवरा दिवसभर भट्टीवर, घरात बोलायला कोणी नाही. तिला त्या खोलीत पहिल्यांदा बरं वाटायला लागलं होतं, असं ती मला एकदा डबा खाताना म्हणाली होती. त्या दिवशी पणाला लागली ती नुसती खेप नव्हती गो, तिची खुर्ची होती.

गाडी शनिवारी संध्याकाळी गेटमधून निघाली, न्हावाशेवा बंदराला. गाडी निघाली की दुसऱ्या दिवशी आम्ही त्या व्यापाऱ्याला कळवायचो, तीच सवय आता विम्याच्या ऑफिसलाही लावली. वर्षभराची एक मोठी पॉलिसी असते, मग प्रत्येक खेपेचं कळवलं की ते त्या खेपेचं वेगळं सर्टिफिकेट देतात. दुसऱ्या दिवशी रविवार, ऑफिस बंद. सोमवारी अमावास्या. आणि नुसती नाही, सोमवती.

आमच्या कारखान्यात अमावास्येला भट्टी पेटायची नाही. ऐरण धुवायची, नारळ फोडायचा, कामगारांना सुट्टी. ही मालकांच्या बायकोची शिस्त. त्यांना आम्ही सगळेच काकी म्हणायचो. काकी कमी बोलायच्या, पण बोलल्या की त्यात बदल नाही. अमावास्येला नवा कागद नाही, नवी सही नाही. भट्टीवर एकदा कोणाचा तरी हात भाजला होता, तो अमावास्येलाच, तेव्हापासूनचं होतं ते.

सोमवारी आम्ही दोघी फायली लावायला म्हणून गेलो. वैनीने कॉम्प्युटरवर विम्याचं उघडलं, इतक्यात दारात काकी. हातात पूजेचं ताट, पिंपळाला फेऱ्या मारून आलेल्या.

‘काय चाललंय?’

‘विम्याचं कळवते, आई.’

‘सही लागते?’

‘लागते.’

‘मग आज नको. उद्या सकाळी कर. विमा काय पळून जातोय?’

वैनीने माझ्याकडे बघितलं. जहाज बुधवारचं होतं. मंगळवारी सही केली तरी एक दिवस हातात होता. ‘बरं आई,’ म्हणून तिने कॉम्प्युटर बंद केला. काकींनी आमच्या दोघींच्या हातावर साखरखोबरं ठेवलं आणि गेल्या. मंगळवारी पहिलं काम विम्याचं झालं. सर्टिफिकेट आलं, रक्कम बरोबर. विमा इन्व्हॉइसपेक्षा दहा टक्के जास्तीचा लागतो, तो तसा होता. डॉलरच्या जागी डॉलर. आम्ही खूश.

गुरुवारी जहाजवाल्याची पावती आली. मी वाचायला बसले, वैनी बोट ठेवून. बंदराचं नाव, हां. कंटेनरचा नंबर, हां. मग जहाजावर माल चढल्याची तारीख. मी वाचली आणि थांबले. ‘हां’ येईना. मला वाटलं तिचं लक्ष नाही, म्हणून पुन्हा वाचली. वर बघितलं तर तिचं बोट विम्याच्या तारखेवर होतं आणि चेहरा पांढराफटक. जहाज लवकर लागलं होतं. माल सोमवारीच चढला होता आणि विमा मंगळवारचा. म्हणजे एक दिवस माल समुद्रावर आणि कागदाच्या हिशेबाने त्याच्यावर विमा नाही. असला कागद कुठलीच बँक घेणार नाही.

शेडमध्ये घणाचा आवाज चालला होता.

मग ती म्हणाली, ‘मावशी, त्यांना सांगून तारीख मागची करून घेऊ या का? एका दिवसाचा तर प्रश्न आहे.’

मी म्हटलं, ‘वैनी, आज तारीख मागे घेतली तर उद्या दुसरं काहीतरी मागे घ्यावं लागेल. आणि कोणाला कळलं, तर खुर्ची राहू दे, नावच जाईल.’

ती म्हणाली, ‘मला ठाऊक आहे. नुसतं बोलून बघितलं.’

तिने मग वर्षाची मोठी पॉलिसी काढली. आम्ही ती नेहमीसारखीच वाचायला घेतली, मी वाचणारी, ती हुंकार देणारी. पुष्कळ पानांनंतर एका ठिकाणी लिहिलेलं सापडलं, की माल कारखान्यातून निघाला की विमा लागू होतो. तिने ‘हां’ म्हटलं आणि मग पुन्हा एकदा म्हटलं, मोठ्याने. म्हणजे विमा शनिवारपासून होताच गो. फक्त सर्टिफिकेटवर तसं लिहिलेलं नव्हतं. बँकेचा नियमही असाच होता, की सर्टिफिकेट उशिराचं असलं तरी चालेल, पण विमा माल चढायच्या आधीपासून लागू आहे असं त्यावर दिसलं पाहिजे. ते एक वाक्य विमावाल्यांनी लिहून द्यायला हवं होतं.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात दारात काकी. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. ‘काय झालं?’ वैनी म्हणाली, ‘काही नाही आई, एक कागद राहिलाय.’ तिला सासूवर ढकलायचं नव्हतं. पण माझं तोंड तुला माहीत आहे. मी सगळं सांगून टाकलं, अमावास्येसकट.

काकींनी ऐकून घेतलं. चेहरा काही कळू दिला नाही. म्हणाल्या, ‘ऑफिस कुठं त्यांचं?’

‘कल्याणला.’

‘उद्या मी पन येते.’

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघी शेअर जीपमध्ये. मालकांना सांगितलं होतं, कल्याणला खरेदीला जातोय. काकींनी नवीन लुगडं नेसलेलं, त्यामुळे खरंच वाटलं असावं. वैनी फाइल मांडीवर घट्ट धरून बसली होती, जणू कोणी हिसकावून घेणार होतं.

विम्याच्या ऑफिसातले साहेब अर्ध्या केसांचे, चष्मा कपाळावर. त्यांनी कागद बघितले, गेटपास बघितला, शनिवारचा शिक्का बघितला. म्हणाले, ‘माल ठीक आहे ना? कुठे धक्का, पाणी, काही कळलंय?’ वैनीने जहाजवाल्यांचा निरोप दाखवला, सगळं ठीक. मग त्यांनी विचारलं, ‘सोमवारी आमचं ऑफिस उघडं होतं. मंगळवारी का कळवलंत?’

वैनी म्हणाली, ‘राहून गेलं, सर.’

‘राहून नाय गेलं,’ काकी बोलल्या. खुर्चीवर अजून टेकल्याही नव्हत्या. ‘ती करत होती, मी थांबवलं. सोमवती होती. चूक काय असंल ती माझ्या नावावर लिवा, तिच्या नको.’

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. ‘काकी, समुद्राला कुठं अमावास्या असते?’

‘समुद्राला नाय तर कोनाला? भरती बघितली नाय काय कधी तुमी?’

शेजारच्या टेबलावरची मुलगी खुदकन हसली. साहेबही हसले. म्हणाले, ‘आता ह्यावर मी काय बोलू!’ पण हसून काम होत नाही, त्यांना वरच्या ऑफिसला विचारावं लागलं. आम्ही बाकावर बसलो. काकींनी पिशवीतून तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी काढली, साहेबांना पण एक दिली. तीही त्यांनी खाल्ली. मग वरून होकार आला आणि नवीन सर्टिफिकेट निघालं. तारीख त्याच दिवसाची, खरी. पण खाली स्वच्छ लिहिलेलं, की माल कारखान्यातून निघाला त्या शनिवारपासून विमा लागू. जुनं त्यांनी परत घेतलं. वैनीने ते वाक्य मला तिथल्या तिथे वाचायला लावलं आणि स्वतः बोट ठेवून ‘हां’ म्हणाली.

उठताना काकींनी साहेबांना विचारलं, ‘एक सांगा. गाडी निघायच्या आधी विमा काढला तर चालतो?’

‘चालतो की. उलट बरंच.’

काकी सुनेकडे वळल्या. ‘ऐकलंस? मी अमावास्येला नको म्हनलं. आदल्या दिवशी नको म्हनलं काय कधी? रविवार आड येत होता, तर शनिवारीच का नाय उरकलंस?’

वैनीने हातातल्या फाइलकडे बघितलं. मग हसायला लागली, इतकी की तिला भिंतीला धरावं लागलं. काकी म्हणाल्या, ‘हसतेस काय? दुसऱ्या दिवशी कळवायची रीत कोनी काढली?’ खरं सांगायचं तर कोणीच काढली नव्हती. तशी पडली होती, म्हणून चालली होती.

तिथून आम्ही बँकेत. बँकेतला माणूस आमचे कागद एकेक करून मनातल्या मनात वाचायला लागला. इन्व्हॉइस, बीएल, मग विमा. मला काही राहवेना. तो एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘हां.’ त्याने वर बघितलं. ‘बाई, मी वाचतोय.’ काकी म्हणाल्या, ‘वाचा, वाचा. ती साथ देतेय.’ त्याने सर्टिफिकेटखालचं वाक्य दोनदा वाचलं, बोट ठेवून. मग शिक्का मारला.

आपल्या बँकेने घेतले तरी खरा निकाल तिकडच्या बँकेचा. तो येईपर्यंतचे दिवस वैनीने कसे काढले, ते ती जाणे आणि मी जाणे. कॉम्प्युटरवर मेल आल्याचा आवाज झाला की ती जागीच ताठ व्हायची. मालक रोज एकदा दारातून डोकावायचे आणि काही न विचारता जायचे. ते न विचारणं विचारण्यापेक्षा जड होतं. मग एका दुपारी आमच्या बँकेतून फोन आला. कागद पास, काही हरकत नाही, पैसे जमा. वैनीने फोन ठेवला आणि मला म्हणाली, ‘मावशी, चहा पिऊ या?’ बस, एवढंच. पण चहात साखर दोनदा घातली तिने.

मालकांना काकींनी घरी काय सांगितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ते खोलीत आले, पुढची ऑर्डर टेबलावर ठेवली. म्हणाले, ‘वर नग घालायचा नाय ना?’

‘नाही, बाबा.’

‘बरं.’

आणि गेले. पुन्हा घरात बसायचं नाव कोणी काढलं नाही. मुंबईचा व्यापारी मध्ये एकदा गाडी घेऊन आला होता, मालकांनी त्याला चहा पाजून वैनीच्या खोलीकडे पाठवलं. ‘कागदाचं तिला विचारा,’ म्हणाले. मी तिथेच होते, म्हणून तुला सांगते.

त्यानंतर रीत बदलली. सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढायची नाही. आणि काकींनी स्वतः येऊन भिंतीवर कालनिर्णय टांगला, जहाजांच्या तक्त्याच्या शेजारी. महिना सुरू झाला की अमावास्येवर लाल खूण करायच्या आणि आदल्या दिवसावर हिरवी. हिरव्या दिवशी सकाळीच दारात येऊन विचारायच्या, ‘झालं काय गो विम्याचं?’ भट्टी अजून अमावास्येला बंदच असते. त्यात काही बदल नाही.

मी आता घरी असते. डोळे पूर्वीसारखे नाहीत, पण वैनी अजून मधूनच फोन करते. समोर कोणी नवीन मुलगी बसवलीय, मुलगी चांगली आहे असं वैनी सांगते, पण ‘हां’ फार लवकर देते. अवघड खेप असली की वैनी मला फोनवर वाचून दाखवते आणि मी इथे ओसरीवर तांदूळ निवडता निवडता हुंकार देते. परवा तुझे वडील आले होते, म्हणाले, आक्का, कोणाची गोष्ट ऐकतेस एवढी? मी म्हटलं, कुदळींची.

तर हे असं. तुझ्या सासूबाईंना आता नीट सांग, टाइपिंग नाही. आणि नुसतं फोनवर सांगून मोकळी होऊ नकोस, त्यांना घेऊनच ये. आटगाव स्टेशनला उतरलीस की किन्हवलीची गाडी मिळेल, नाहीतर मी इथून रिक्षा पाठवते. लग्नाच्या गडबडीत राहून जाईल, म्हणून म्हणते, लवकर ये. आणि ठरवलेल्या दिवशी अमावास्या पडत असली, तर तेवढ्यासाठी पुढे ढकलू नकोस गो. आदल्या दिवशीच ये.